ओपनऑफिसच्या घरातली वेगळी चूल

लिब्रेऑफिस घ्यावं की ओपनऑफिस, असं नवखा माणूस हमखास विचारतो. दोन्ही लेखन, हिशेब अशा ऑफिसच्या कामांचे प्रोग्रॅम, दोन्ही फुकट, दोन्हींचा चेहरामोहरा बराचसा सारखा. तसा असणारच, कारण घराणं एकच. त्या घरात दोन चुली कशा झाल्या हे कळायला १९८५ सालच्या जर्मनीत जावं लागतं.

ल्यूनेबुर्ग गावात मार्को बोरीस या शाळकरी वयाच्या मुलाने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली आणि ‘स्टाररायटर’ हा लेखनाचा प्रोग्रॅम बाजारात आणला. त्याचंच पुढे स्टारऑफिस झालं. १९९९ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टम्सने ती अख्खी कंपनी विकत घेतली. सनमधले सायमन फिप्स याचं कारण असं सांगत, की हजारो कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा ऑफिस बनवणारी कंपनी घेणंच स्वस्त पडलं. दुधासाठी गोठा विकत घेण्यातला प्रकार.

१३ ऑक्टोबर २००० रोजी सनने स्टारऑफिसचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला केला आणि ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग’ जन्माला आलं. (‘डॉट ऑर्ग’ हौसेने लावलं नव्हतं, नुसतं ‘ओपनऑफिस’ हे नाव दुसऱ्याच्या मालकीचं होतं.) कोड खुला झाला, पण कारभार सनच्याच हाती राहिला. बाहेरच्या कुणी दुरुस्ती पाठवली, तर आधी तिच्या कॉपीराइटमध्ये सनला भागीदार करणाऱ्या करारावर सही करावी लागे. नोव्हेलसारख्या कंपन्यांतले प्रोग्रॅमर याला वैतागले होते. सनच्या दारात अडकलेल्या दुरुस्त्या ते ‘गो-ओओ’ नावाच्या वेगळ्या आवृत्तीत घालून वाटत. फुटीचं सगळं खापर पुढे सनला विकत घेणाऱ्या ऑरॅकल कंपनीवर फोडायची पद्धत आहे, पण धुसफूस ऑरॅकल यायच्या कितीतरी आधीची.

जानेवारी २०१० मध्ये ऑरॅकलने सनला गिळलं. ऑगस्टमध्ये ओपनसोलारिसचं, म्हणजे सनच्याच खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, काम बंद दाराआड गेलं, तेव्हा ओपनऑफिसवाले काय ते समजले. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांच्यातल्या जुन्याजाणत्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली. ऑरॅकललाही सामील व्हायचं आमंत्रण दिलं आणि ओपनऑफिस हे नाव आम्हाला द्या, अशी विनंती केली. उत्तर येईपर्यंत कामापुरतं नाव घेतलं, ‘लिब्रेऑफिस’. ऑरॅकलने नाव तर दिलं नाहीच; वर, फाउंडेशनमध्ये गेलेल्यांनी ओपनऑफिसच्या कार्यकारी परिषदेतून बाहेर पडावं, असं सुनावलं. कामापुरतं नाव कायमचं झालं.

जर्मनीत हे फाउंडेशन प्रतिष्ठान म्हणून नोंदवायला भांडवल लागणार होतं. २०११ च्या फेब्रुवारीत ५० हजार युरोंसाठी आवाहन केलं, आणि आठ दिवसांत वापरणाऱ्यांनीच ते जमवून दिलं. कॉपीराइट लिहून देण्याची अट नव्या घरात ठेवलीच नाही. हात साफ व्हावा म्हणून नवख्यांसाठी सोपी कामं काढली होती. मला त्यातलं सर्वांत आवडलेलं काम म्हणजे कोडमधल्या जर्मन टिपांचं इंग्रजी करणं. कंपनी दोनदा विकली गेली, पण स्टार डिव्हिजनच्या प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या भाषेत लिहून ठेवलेल्या टिपा कोडमध्ये तशाच पडून होत्या. ज्याला प्रोग्रॅमिंग बेताचंच पण जर्मन चांगलं येतं, त्यालाही इथे करण्यासारखं काही होतं.

जून २०११ मध्ये ऑरॅकलने ओपनऑफिसचा कोड आणि नाव खुल्या सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊन टाकलं. तोवर बरीचशी माणसं निघून गेली होती, उबुंटू या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमनेही एप्रिलच्या आवृत्तीत लिब्रेऑफिस घेतलं होतं. त्यात परवान्यांची मेख अशी, की अपाचेच्या परवान्याखालचा कोड लिब्रेऑफिसला उचलता येतो, पण लिब्रेऑफिसमधला कोड अपाचेला आपल्या नियमांमुळे घेता येत नाही. पाणी एकाच बाजूला वाहणार. ओपनऑफिसची ४.१ ही मोठी आवृत्ती एप्रिल २०१४ मध्ये आली. पुढची काही वर्षं तिच्यावर फक्त डागडुजी होत राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये, ओपनऑफिसच्या विसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, डॉक्युमेंट फाउंडेशनने उघडं पत्र लिहिलं: लिब्रेऑफिस नावाचं काही आहे, एवढं तरी तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना सांगा.