पोलंडचा फुटबॉल हंगाम, १९७३–७४

पोलिश फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी हंगामांपैकी एक. या हंगामात राष्ट्रीय संघाने इंग्लंडला मागे टाकून विश्वचषकाची पात्रता मिळवली आणि १९७४ च्या उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीत तिसरा क्रमांक पटकावला. देशांतर्गत फुटबॉलमध्ये सायलेशियातील रुख खोझूव या क्लबने लीग आणि पोलिश चषक ही दोन्ही विजेतेपदे जिंकली. दोन्ही यशे एकाच वर्षातली, पण ती मिळवणारे खेळाडू मात्र बहुतांशी वेगवेगळे होते. या हंगामाचे खरे वैशिष्ट्य तेच आहे.

त्या काळी पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती आणि व्यावसायिक फुटबॉल कागदोपत्री अस्तित्वात नव्हते. क्लब कारखान्यांना, खाणींना, सैन्याला किंवा पोलीस दलाला जोडलेले असत आणि खेळाडू तिथले कर्मचारी म्हणून नोंदलेले असत. लेगिया वॉर्सा हा सैन्याचा संघ, ग्वार्दिया वॉर्सा पोलीस दलाचा, गुर्निक झाब्झे कोळसा खाणींचा, तर स्ताल मिएलेत्स हा विमान कारखान्याचा. तिशीच्या आसपास पोहोचेपर्यंत परदेशी क्लबकडून खेळण्याची परवानगी सहसा मिळत नसे. त्यामुळे देशातील जवळजवळ सगळे गुणवान खेळाडू एकाच लीगमध्ये, पण वेगवेगळ्या शहरांत विखुरलेले होते. मिएलेत्ससारख्या लहानशा कारखानदारी गावाचा संघ १९७३ मध्ये देशाचा विजेता होऊ शकला, तो या व्यवस्थेमुळेच.

राष्ट्रीय संघाची सूत्रे १९७० च्या अखेरीपासून काझिमिएश गुर्स्की यांच्याकडे होती. मूळचे ल्वूव शहरातले गुर्स्की शांत स्वभावाचे, खेळाडूंना मोकळीक देणारे प्रशिक्षक म्हणून ओळखले जात. यात्सेक ग्मोख आणि आंदझेई स्त्रेयलाउ हे त्यांचे सहायक. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हंगेरीला २–१ असे हरवून या संघाने सुवर्णपदक जिंकले होते. तरीही पश्चिम युरोपात त्या पदकाला फारशी किंमत नव्हती, कारण तिकडचे देश ऑलिंपिकला हौशी खेळाडू पाठवत.

विश्वचषकाच्या पात्रता गटात इंग्लंड आणि वेल्स हे प्रतिस्पर्धी होते आणि तिघांपैकी एकालाच पुढे जाता येणार होते. मार्च १९७३ मध्ये कार्डिफला वेल्सकडून २–० अशी हार पत्करून पोलंडने सुरुवात केली. जूनमध्ये खोझूवच्या श्लोन्स्की स्टेडियमवर इंग्लंडला २–० असे हरवून ती भरून निघाली, पण विजय महागात पडला. दुसरा गोल करणारा कर्णधार व्लोजिमिएश लुबान्स्की याच सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीने जायबंदी झाला आणि विश्वचषकाला मुकला. संघाचे नेतृत्व लेगियाच्या काझिमिएश देयनाकडे आले. सप्टेंबरमध्ये वेल्सला ३–० असे नमवल्यावर हिशेब सरळ झाला: वेम्ब्लीवर इंग्लंडला जिंकणे भाग होते, पोलंडला बरोबरी पुरेशी होती.

१७ ऑक्टोबर १९७३ चा तो सामना पोलंडमध्ये आजही नावानिशी सांगितला जातो. सामन्यापूर्वी क्लब फुटबॉलमधील इंग्लिश प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांनी दूरचित्रवाणीवर पोलिश गोलरक्षक यान तोमाशेव्स्की याला विदूषक म्हटले होते. वूच शहरातील क्लबकडून खेळणाऱ्या या उंच गोलरक्षकाच्या हाताला सुरुवातीलाच इंग्लंडच्या ॲलन क्लार्कशी झालेल्या धडकेत मार बसला. तरी तो उभा राहिला आणि पायाने, गुडघ्याने, पंजाने, जमेल तसा चेंडू अडवत राहिला. ५७ व्या मिनिटाला डाव्या बगलेवर इंग्लंडच्या नॉर्मन हंटरच्या पायातून चेंडू निसटला. ग्झेगोश लातोने तो पळवत नेला, आत धावत आलेल्या यान दोमार्स्कीकडे दिला आणि दोमार्स्कीचा जमिनीलगतचा फटका गोलरक्षक पीटर शिल्टनच्या अंगाखालून जाळ्यात गेला. लातो आणि दोमार्स्की दोघेही स्ताल मिएलेत्सचे. ज्या गोलने इंग्लंडचे स्वप्न मोडले तो एका परीने त्या विमान कारखान्याचाच गोल होता. सहाच मिनिटांनी क्लार्कने पेनल्टीवर बरोबरी साधली, पण पुढे सतत हल्ले चढवूनही इंग्लंडला दुसरा गोल मिळाला नाही. सामना १–१ असा सुटला. पोलंड पाच गुणांसह गटात पहिला आला. काही महिन्यांतच १९६६ मध्ये इंग्लंडला विश्वविजेते करणारे प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांना पद गमवावे लागले.

लीगमध्ये मात्र वेगळेच नाव वर होते. रुख खोझूवचे प्रशिक्षक मिखाल विचान हे स्लोव्हाक. १९६९ मध्ये स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाला त्यांनी युरोपियन चषकविजेत्यांचा चषक मिळवून दिला होता. त्यांच्या हाताखाली रुखने शेजारच्या गुर्निक झाब्झेला मागे टाकून लीग जिंकली. गतविजेता स्ताल मिएलेत्स तिसरा आला. पोलिश चषकाच्या अंतिम सामन्यात रुखने ग्वार्दिया वॉर्साला २–० असे हरवले. लीगमधील सर्वाधिक १५ गोल विस्वा क्राकूवच्या झ्जिस्लाव काप्काच्या नावावर लागले. युरोपियन क्लबांच्या युएफा चषकात रुखने उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे जादा वेळेत रॉटरडॅमच्या फेयेनूर्डकडून हार पत्करली. त्याआधी ग्वार्दियालाही फेयेनूर्डनेच बाहेर काढले होते आणि अखेर चषकही त्यांनीच जिंकला.

असे असूनही गुर्स्की यांच्या पहिल्या अकरांत रुखचा एकच खेळाडू नियमित होता, मधल्या फळीतला झिग्मुंत माश्चिक. बाकीचा संघ इतर शहरांतून आला होता: लेगियाचे देयना आणि रोबेर्त गादोखा, स्तालचे लातो आणि हेन्रिक कास्पेर्चाक, गुर्निकचे येझी गोर्गोन आणि आंदझेई शार्माख, विस्वाचे आंतोनी शिमानोव्स्की आणि आदाम मुशाव, ग्वार्दियाचा वीस वर्षांचा व्लादिस्लाव झ्मुदा. याउलट लीगचा सर्वाधिक गोल करणारा काप्का बहुतेक वेळ राखीवच राहिला. क्लबची कामगिरी पाहून संघ निवडला असता तर तो वेगळा झाला असता. गुर्स्की यांनी जोड्या जुळवल्या: बगलांवरून लातो आणि गादोखा यांचा वेग, मधून देयनाचे लांब, नेमके पास आणि त्यांवर झेपावणारा शार्माख. लुबान्स्कीची जागा भरून निघाली ती या शार्माखमुळे.

विश्वचषकात पोलंडने अर्जेंटिनाला ३–२, हैतीला ७–० आणि इटलीला २–१ असे हरवून गटातील तिन्ही सामने जिंकले. दुसऱ्या फेरीतही गट होते आणि गटविजेता थेट अंतिम सामन्यात जाणार होता. तिथे स्वीडनवर १–० आणि युगोस्लाव्हियावर २–१ असे विजय मिळाले. स्वीडनविरुद्ध तोमाशेव्स्कीने पेनल्टी अडवली.

३ जुलैला फ्रँकफर्टमध्ये यजमानांशी झालेली गाठ ही प्रत्यक्षात उपांत्य लढतच होती. गोलफरक सरस असल्याने पश्चिम जर्मनीला बरोबरी चालणार होती. सामन्याआधी ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. अग्निशमन दलाने पंप लावून पाणी उपसले, सामना सुमारे अर्धा तास उशिरा सुरू झाला, तरी डबकी राहिलीच. चेंडू पाण्यात अडकू लागला की वेगवान बगलांवर उभा असलेला खेळ लंगडा होतो. त्यातच शार्माख दुखापतीमुळे बाहेर होता. तरीही पूर्वार्धात लातो आणि गादोखाने जर्मन गोलरक्षक झेप मायरला वारंवार धावपळ करायला लावली. उत्तरार्धात तोमाशेव्स्कीने उली होनेसची पेनल्टीही अडवली, पण ७६ व्या मिनिटाला गेर्ड म्युलरने गोल केला आणि पोलंड ०–१ असा हरला. कोरड्या मैदानावर काय झाले असते, ही चर्चा पोलंडमध्ये अजून थांबलेली नाही. पोलंडची बाजू या चर्चेत अगदीच कमकुवत नाही, एवढे नक्की म्हणता येते.

तीन दिवसांनी म्युनिकला लातोच्या एकमेव गोलवर ब्राझीलला हरवून पोलंडने तिसरे स्थान मिळवले. सात गोलांसह लातो स्पर्धेत अव्वल ठरला, शार्माखने पाच केले. संघाचे एकूण १६ गोल हे स्पर्धेत सर्वाधिक होते. वर्षअखेरीस युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या निवडीत योहान क्रायफ आणि फ्रांत्स बेकेनबाउअर यांच्यामागोमाग देयना तिसरा आला.

रुखने १९७५ मध्ये लीग पुन्हा जिंकली आणि युरोपियन चषकात उपांत्यपूर्व फेरी गाठली. गुर्स्की १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधील रौप्यपदकानंतर पायउतार झाले. परवानगी मिळेल तसे खेळाडूही बाहेर पडले: गादोखा १९७५ मध्ये फ्रान्सच्या नाँतकडे, देयना १९७८ मध्ये मँचेस्टर सिटीकडे, लातो १९८० मध्ये बेल्जियमच्या लोकेरेनकडे. लातो पुढे २००८ ते २०१२ या काळात पोलिश फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष होता.