पॅटर्न

पॅटर्न हा शब्द मराठीत आता इतका मुरलाय की तो इंग्रजीतनं आला हे सांगायलाही कुणी थांबत नाही. बहुतेक ठिकाणी पुल्लिंगी, म्हणजे "हा पॅटर्न", पण शिवणक्लासमध्ये "ते पॅटर्न दाखवा" असंही सर्रास ऐकू येतं. नमुना, साचा, नक्षी, पद्धत, धाटणी, आकृतिबंध असे अर्धा डझन शब्द जिथे जिथे बसले असते तिथे हा एकटाच जाऊन बसतो, आणि वर एक काम असं करतो जे इंग्रजीत तो सहसा करत नाही, ते म्हणजे गावाच्या नावाला चिकटणं. लातूर पॅटर्न, शिरपूर पॅटर्न, अकोला पॅटर्न, मुळशी पॅटर्न. या नोंदीत जास्त जागा त्यालाच दिलीय, कारण बाकीचे अर्थ कुठल्याही डिक्शनरीत मिळतील, हा नाही मिळणार.

मूळ बघायला गेलं तर शब्दाच्या तळाशी बाप बसलाय. लॅटिनमध्ये बापाला पातेर, त्यावरनं पात्रोनुस म्हणजे आश्रयदाता, पाठीराखा, त्यावरनं फ्रेंच पात्रों, आणि तोच इंग्रजीत जाऊन दोन तुकडे झाला, एक पेट्रन आणि एक पॅटर्न. ज्याच्याकडे बघून आपण वागायचं तो, मग हळूहळू ज्याच्याकडे बघून वस्तू बनवायची ती. फ्रेंचमध्ये अजूनही मालकाला आणि कपडे बेतायच्या कागदाला एकच शब्द आहे. आपल्याकडे मात्र हे सख्खे भाऊ वेगवेगळ्या दारानं आत आले, एक वाचनालयाच्या नाहीतर एखाद्या मंडळाच्या पावतीपुस्तकावर "पेट्रन मेंबर" म्हणून आणि दुसरा कारखान्यात, टेलरकडे, कॉलेजात.

तो यायच्या आधी इथे जागा काही रिकामी नव्हती. "नमुना" फारसीतनं आलेला, आणि सरकारी कागदांनी तो असा काही धरून ठेवलाय की गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून जो उतारा होतो त्यालाच आपण सातबारा म्हणतो, खातेउतारा म्हणजे आठ अ. त्याच वेळी "काय नमुना आहे हा" म्हटलं की ती कौतुकाची गोष्ट नसते हे सगळ्यांना कळतं. (पॅटर्नही त्याच वाटेनं निघालाय, "त्याचा पॅटर्नच वेगळाय" हे टी-शर्टवर, टेम्पोच्या मागे, रीलच्या खाली सगळीकडे दिसतं, फक्त यात थोडा माजही असतो, नमुन्यात नुसती चेष्टा.) "कित्ता" म्हणजे अक्षर वळवायला समोर ठेवलेला नमुना, तो गिरवायचा असतो, म्हणूनच कुणाचा तरी कित्ता गिरवणे. आणि "आकृतिबंध" हा शब्द तर दोन टोकांना राहतो, प्राथमिक शाळेच्या गणितात गोल-त्रिकोण-गोल-त्रिकोण, पुढे काय येईल ते सांगा, आणि मंत्रालयात कर्मचाऱ्यांचा आकृतिबंध, म्हणजे कुठल्या ऑफिसला किती क्लार्क, किती शिपाई, किती पदं मंजूर. शाळेचा जुना १०+२+३ आणि २०२० च्या धोरणातला ५+३+३+४ यालाही आकृतिबंधच म्हणतात. बोलताना मात्र हा शब्द कुणाच्या तोंडात येत नाही.

वस्तू म्हणून पॅटर्न हातात घ्यायचा असेल तर फाउंड्रीत जावं लागतं. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव या एमआयडीसीत फाउंड्र्यांची रांगच आहे, पंप, मोटारी, ट्रॅक्टर यांचे ओतीव भाग तिथे निघतात. इथे पॅटर्न म्हणजे जो पार्ट पाहिजे त्याचं हुबेहूब रूप, आधी सागवानी लाकडाचं असायचं, आता ॲल्युमिनियमचं, रेझिनचं, काही ठिकाणी थ्रीडी प्रिंटचंही. पेटीत हा पॅटर्न ठेवायचा, त्याच्याभोवती वाळू ठासायची, मग तो अलगद बाहेर काढायचा, मागे जी पोकळी राहिली त्यात १४०० डिग्रीच्या आसपास तापलेलं लोखंड ओतायचं. वाळूचा साचा एका ओतकामात मोडतो, पॅटर्न पुन्हा पुन्हा वापरतात. तो वाळू न मोडता बाहेर निघावा म्हणून त्याच्या बाजू किंचित उतरत्या ठेवतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आणि खरी गंमत पुढे आहे, पॅटर्न पार्टएवढा नसतोच, मोठा असतो, कारण लोखंड थंड होताना आकसतं. बिडाचं साधारण १ टक्का, म्हणजे मीटरभर लांबीचा पार्ट हवा तर पॅटर्न १० मिलिमीटरनं लांब, आणि स्टील असेल तर त्याच्या दुप्पट. हा हिशोब दर वेळी डोक्यात नको म्हणून पॅटर्न मेकर लोकांची वेगळी पट्टी असते, तिच्यावरचे सेंटिमीटरच मुळात थोडे मोठे आखलेले असतात. नवीन पोरानं चुकून ती पट्टी दुसऱ्या कामाला वापरली की काय होतं ते कुठल्याही फाउंड्रीत विचारा. आयटीआयमध्ये पॅटर्न मेकर नावाचा ट्रेडच होता, सुतारकाम आणि भूमिती दोन्ही पक्कं लागणारा.

टेलरकडेही तेच तत्त्व, फक्त नाव गोड आहे. खाकी पेपरवर छाती, कंबर, मुंढा, गळा यांची मापं टाकून ड्राफ्टिंग करायचं, पेपर कटिंग कापडावर ठेवून खडूनं आखायचं आणि शिलाईसाठी कडेनं थोडं जास्त कापड सोडायचं, त्याला "माया" म्हणतात. फाउंड्रीवाल्याचा अलाउन्स (आकसण्यासाठी सोडलेला तो वाढीव टक्का) आणि शिंपीदादाची माया, गोष्ट एकच. ब्लाउजच्या बाबतीत मात्र पॅटर्न म्हणजे कापायचा कागद नसून फॅशन, कटोरी, प्रिन्सेस कट, बोटनेक, मागच्या गळ्याचा पॅटर्न मोबाइलवर दाखवून शिवून घेतात. साडीच्या काठापदराला हा शब्द फारसा लागत नाही, तिथे डिझाइन, बुट्टी, नाहीतर थेट नावं, पैठणीत मोर, मुनिया, आसावली, नारळी. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर बसवलेल्या जकार्ड यंत्रानं उठते, भोकं पाडलेली कार्डं एकामागनं एक फिरतात आणि कुठला धागा वर उचलायचा ते ठरवतात, ही युक्ती फ्रान्समधली, १८०४ च्या सुमाराची, आणि कॉम्प्युटरच्या पंचकार्डांची आजी ती हीच.

आता गावांकडे. यात सगळ्यात गाजलेला लातूर पॅटर्न. लातूरचं राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज यांनी १९८०-९० च्या दशकात बारावी सायन्सच्या पोरांवर जी मेहनत घेतली त्यातनं हे नाव पडलं. पद्धतीत जादू काही नव्हती, सिलॅबस लवकर संपवायचा, मग टेस्टवर टेस्ट, जुने पेपर सोडवून घ्यायचे, प्रश्नसंच, चुका समोर बसवून दाखवायच्या, सुट्टीतही क्लास. पण मराठवाड्यातल्या एका गावातली पोरं बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये पुण्या-मुंबईच्या पोरांना मागे टाकतायत हे त्या वेळी पेपरात वाचलेल्यांना अजून आठवतं. मग अख्ख्या महाराष्ट्रातनं पोरं यायला लागली, होस्टेल, मेस, खोल्या, झेरॉक्सची दुकानं आणि ट्यूशन एरिया, गावाचं अर्थकारणच त्यावर चालायला लागलं. कॉलेजातनं सुरू झालेली गोष्ट खासगी क्लासकडे कधी सरकली ते कळलंही नाही. टीका जुनीच आहे, घोकंपट्टी, परीक्षा जिंकायची फॅक्टरी वगैरे, आणि २०२४ च्या नीट पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव आल्यावर हेडिंगवाल्यांनी हाच शब्द उलटा फिरवला. तरी एक खरं, की परीक्षेचं तंत्र ही शहरातल्या मोजक्या घरांची मालकी नाही हे या पॅटर्ननं दाखवलं, आणि ते ज्यांच्या घरात पहिला डॉक्टर झाला त्यांना जास्त कळतं.

शिरपूर पॅटर्न पाण्याचा. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीश पटेल यांच्या पाठबळावर २००४ च्या सुमारापासून नाले रुंद आणि खोल करून त्यावर ओळीनं सिमेंट बंधारे बांधले. कल्पना अशी की वरच्या थरातनं पाणी खाली जातच नाही, तो थर फोडून खालच्या पाणी धरणाऱ्या थरापर्यंत पोचायचं. विहिरी-बोअरचं पाणी वर आलं, बघायला बसेस भरून लोक आले, आणि मग जिथे तिथे पोकलेन लावून नाले खणायची लाटच आली. तापी खोऱ्यातला गाळाचा थर वेगळा आणि दख्खनचा काळा पाषाण वेगळा, त्यामुळे तेच काम सगळीकडे तसंच चालेल हे जाणकारांना पटलेलं नाही, नको तितकं खोल गेलं तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नाल्यातच उतरतं असाही आक्षेप आहे.

बाकीचे थोडक्यात. बुलढाणा पॅटर्न म्हणजे हायवेच्या भरावाला लागणारी माती-मुरूम तलावातनं, नाल्यातनं फुकट काढून द्यायची, रस्ताही होतो आणि तलावही खोल होतो. बीड पॅटर्न २०२० चा, पीकविम्याचा, विमा कंपनीनं जमा हप्त्यातले जास्तीत जास्त २० टक्के ठेवून उरलेलं सरकारला परत करायचं आणि भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार सरकारनं उचलायचा, तो पुढे राज्यभर लागला. ग्रामपंचायतीत "बिहार पॅटर्न" ऐकलं तर दचकू नका, ती रोजगार हमीतली झाडं लावायची आणि गावातल्याच मजुरांना ती जगवायचं काम द्यायची पद्धत आहे. अकोला पॅटर्न राजकारणाचा, प्रकाश आंबेडकरांनी बौद्ध मतांना छोट्या ओबीसी जातींची आणि इतर वंचितांची जोड देऊन भारिप-बहुजन महासंघ उभा केला आणि १९९८, १९९९ ला अकोल्यातनं लोकसभा जिंकली, त्या जुळणीचं हे नाव. २०२४ ला सांगलीत तिकीट न मिळालेले विशाल पाटील लोकसभेला अपक्ष निवडून आले आणि दुसऱ्याच आठवड्यात तिकीट कापलेला प्रत्येक जण "सांगली पॅटर्न" बोलायला लागला.

मुळशी पॅटर्न मात्र या रांगेत वेगळा, कारण तो आदर्श म्हणून कुणी काढलेला नाही. पुण्याच्या पश्चिमेचा मुळशी तालुका, हिंजवडीही त्यातच, आयटी पार्क आला, जमिनीला सोन्याचा भाव आला, शेत विकलं, गाडी-बंगला झाला, पैसा संपला आणि पोरगं गुन्हेगारीत गेलं, ही साखळी २०१८ च्या मुळशी पॅटर्न या सिनेमानं घराघरात पोचवली आणि शब्द पक्का झाला. याच तालुक्यात जमीन जाण्याविरुद्ध १९२१ ला सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता हे त्या शब्दामागे आता कुणाला आठवत नाही. आज कुठेही पोरांनी कोयते नाचवले की बातमीत हेच नाव, तालुक्यातल्या साध्या माणसांना ते कसं वाटत असेल ते वेगळंच.

विद्यार्थ्यांच्या तोंडी पॅटर्न म्हणजे नुसती भीती. पुणे विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगला "तुझा कुठला पॅटर्न" विचारलं तर उत्तर वर्षात येतं, २०१२, २०१५, २०१९, २०२४, म्हणजे त्या वर्षी बदललेला सिलॅबस, आणि बॅकलॉगवाल्याला जुन्या पॅटर्नची पुस्तकं शोधत फिरावं लागतं. एमपीएससीनं राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, आणि शेवटी नवा पॅटर्न २०२५ वर ढकलला गेला. सरळसेवेच्या पुस्तकांवर "टीसीएस पॅटर्न", "आयबीपीएस पॅटर्न" छापलेलं असतं, परीक्षा घेणाऱ्या संस्थेचंच नाव अभ्यासाला लागलंय, विषय नंतर.

कॉम्प्युटरवाल्यांचे दोन. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये "पॅटर्न प्रोग्रॅम" म्हणजे फॉर लूप लावून चांदण्यांचा त्रिकोण काढणं, ज्याला ते जमलं त्याला पुढचं जमतं असं सर मंडळी समजतात. आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूतले "डिझाइन पॅटर्न", म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या अडचणींवरचे तयार तोडगे, १९९४ च्या चौघा लेखकांच्या पुस्तकातले २३, जे मुळात क्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराच्या १९७७ च्या पुस्तकातल्या २५३ पॅटर्नवरनं सुचलेले, म्हणजे खिडकी कुठे असावी, अंगण कसं असावं यावरनं सॉफ्टवेअर.

फोनच्या लॉकचा पॅटर्न आपल्याला वेगळा शिकवावा लागला नाही, ठिपक्यांची रांगोळी घरोघर होतीच. तीन गुणिले तीन, नऊ ठिपके, कमीत कमी चार जोडायचे, एक ठिपका दोनदा नाही. एकूण ३,८९,११२ पॅटर्न होऊ शकतात. एवढे असूनही लोक झेड नाहीतर एल काढतात, आणि स्क्रीन तिरकी धरली की बोटाची चिकट रेघ शेजारी बसलेल्या भाच्यालाही दिसते.