शाकाहारी बेंतो

शाकाहारी बेंतो : घरून डब्यात भरून नेण्याच्या जपानी जेवणाचा (बेंतोचा) मांस, मासे, अंडी, दूध आणि मध वर्ज्य असलेला प्रकार. आखूड दाण्याचा चिकट भात, सोयाबीनपासून केलेला एखादा पदार्थ, दोन-तीन भाज्या वा समुद्रशैवाल आणि खारवलेले तोंडीलावणे असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. हे जेवण सकाळी भरून चार-सहा तासांनी, बहुधा न तापवता खाल्ले जाते, आणि त्याचे सगळे पाकतंत्र या एका गोष्टीभोवती फिरते. नेहमीच्या बेंतोतील मासा काढून त्या जागी भाजी ठेवली की शाकाहारी बेंतो झाला, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. मासा डब्यातून गेला तरी तो बहुतेक पदार्थांच्या मुळाशी असलेल्या दाशी या अर्कात राहतोच. शिवाय भाज्या व तोफू यांत पाणी जास्त असल्याने डबा ओला होऊन बिघडण्याचा धोका वाढतो. या दोन अडचणी सोडवणे हेच या पाकक्रियेचे खरे काम होय.

उगम : प्रवासात शिधा म्हणून शिजवून वाळवलेला भात (होशिई) नेण्याची चाल जपानमध्ये फार जुनी आहे, हेआन काळात (७९४–११८५) तोनजिकी नावाचे भाताचे मुटके वाटले जात. इशिकावा प्रांतात १९८७ मध्ये प्रागैतिहासिक यायोई काळातील कोळसा झालेला भाताचा गोळा सापडला. त्याला पहिला ओनिगिरी (भाताचा मुटका) म्हटले जाते, पण तो शिधा होता की नैवेद्य याविषयी एकमत नाही. नैवेद्याचे मत अधिक सयुक्तिक वाटते.

‘बेंतो’ ही संज्ञा दक्षिण सुंग काळातील (११२७–१२७९) चिनी बोलीतून, ‘सोयीचे’ या अर्थाच्या शब्दावरून आली, हे मत सामान्यतः स्वीकारले जाते. सोळाव्या शतकातील सेनानी ओदा नोबुनागाने आझुची किल्ल्यावर लोकांना माणशी वेगळे जेवण वाटताना ती रूढ केली, ही परंपरा उत्तरकालीन दिसते. जेझुइट मिशनऱ्यांनी नागासाकी येथे १६०३ मध्ये छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात मात्र कप्पे असलेली, अन्न नेण्याची पेटी असा अर्थ नोंदलेला आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द वस्तूसाठी वापरात होता, एवढे निश्चित धरता येते.

रेल्वे स्थानकावर विकल्या जाणाऱ्या बेंतोचा (एकिबेन) आरंभ हा वादाचा दुसरा विषय. १६ जुलै १८८५ रोजी, लोहमार्ग पोहोचला त्याच दिवशी, उत्सुनोमिया स्थानकावर पहिला एकिबेन विकला गेला असे बहुधा सांगितले जाते. ओसाका, कोबे, उएनो व कुमागाया या स्थानकांसाठी १८७७ ते १८८३ दरम्यानचे दावे मांडले जातात. समकालीन पुरावा सर्वच बाजूंनी तोकडा आहे. येथे महत्त्वाचे हे की, उत्सुनोमियाचा म्हणून जो बेंतो सांगितला जातो, त्यात उमेबोशी (खारवून वाळवलेले आंबट उमे फळ) घालून काळे तीळ व मीठ लावलेले दोन मुटके आणि ताकुआन (मुळ्याचे लोणचे) एवढेच बांबूच्या सालपटात बांधलेले होते. किंमत ५ सेन (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग). तो पूर्णतः वनस्पतिजन्य होता. पांढऱ्या भाताच्या मध्यभागी एक उमेबोशी ठेवलेला ‘हिनोमारू’ बेंतोही तसाच. याउलट एदो काळातील (१६०३–१८६८) नाट्यगृहांतून रूढ झालेल्या माकुनोउची बेंतोत भाजलेला मासा, माशाची वडी आणि अंड्याची गुंडाळी ही ठरलेली त्रयी असते.

शोजिन परंपरा : सम्राट तेनमु याने ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत निषिद्ध ठरवले, मासे मात्र चालत राहिले. संपूर्ण वनस्पतिजन्य स्वयंपाक टिकला तो बौद्ध मठांत. शोजिन-र्योरी नावाच्या या पाकपद्धतीला शिस्त दिली ती झेन आचार्य दोगेन (१२००–१२५३) यांनी. मठाच्या स्वयंपाक्यासाठी त्यांनी १२३७ मध्ये लिहिलेल्या ‘तेन्झो क्योकुन’ या ग्रंथात १२२३ मधील एक प्रसंग आहे. चीनमधील एका मठाचा वृद्ध स्वयंपाकी काही जपानी जिन्नस विकत घ्यायला दोगेन यांच्या गलबतावर आला. तो जिन्नस सुके शिइताके अळंबे होते, असा अर्थ बहुतेक भाष्यकार लावतात. काहींच्या मते मूळ अक्षराचा अर्थ तुतीचे फळ असा आहे. अळंब्याचा अर्थ प्रसंगाला अधिक जुळतो. लसूण, कांदा आणि त्या कुळातील उग्र भाज्याही शोजिनमध्ये वर्ज्य असतात. आजच्या घरगुती शाकाहारी बेंतोत हे बंधन सहसा पाळले जात नाही.

दाशी : नेहमीची दाशी कात्सुओबुशी (धुरावून वाळवलेला बोनितो मासा) आणि कोंबू या शैवालापासून करतात. शाकाहारी बेंतोत माशाची जागा सुके शिइताके घेतात, आणि ही केवळ तडजोड नव्हे. कोंबूतील ग्लुटामेट हा चव देणारा घटक रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळे केले. अळंब्यातील ग्वानिलेट या तशाच घटकाची चव आणि ग्लुटामेटशी संयोग झाल्यावर ती अनेक पटींनी वाढते ही गोष्ट अकिरा कुनिनाका यांच्या १९५७ च्या सुमाराच्या संशोधनातून पुढे आली. बोनितोतील इनोसिनेटही हेच काम करते.

एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू रात्रभर फ्रिजमध्ये भिजवावा. सकाळी मंद आचेवर तापवून उकळी फुटण्याआधी काढावा. तो उकळला तर पाणी बुळबुळीत होते आणि दर्प येतो. शिइताके मात्र वेगळे भिजवावेत : १५ ग्रॅमला अर्धा लिटर थंड पाणी, फ्रिजमध्ये किमान सहा तास. घाईत कोमट पाण्यात टाकले की मऊ होतात, पण चव बेताची राहते. याचे कारण असे की, सुमारे ४५–५० अंश सेल्सिअसला ग्वानिलेट मोडणारे विकर जोमात असते, तर ते तयार करणारे विकर ६०–७० अंशांच्या आसपास काम करते. म्हणून थंड पाण्यात भिजवून मधला टप्पा झपाट्याने ओलांडावा आणि मग उकळावे. दोन्ही अर्क २ भाग कोंबू व १ भाग शिइताके या प्रमाणात मिसळल्यास अळंब्याचा वास वरचढ होत नाही.

छुपे मासे ही नेहमीची चूक. ‘दाशीयुक्त’ मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), नूडल्सची तयार चटणी (मेंत्सुयु), भातावर भुरभुरायचे फुरिकाके, काही तयार सुशी-व्हिनेगर यांत बोनितो असतो. उमेबोशी दोन प्रकारांनी फसवतो : ‘कात्सुओ’ प्रकारात मासा असतो आणि ‘हाचिमित्सु’ प्रकारात मध. फक्त आलुबुखार-वर्गीय उमे फळ, मीठ आणि लाल शिसोची (तुळशीच्या कुळातील वनस्पतीची) पाने एवढेच घटक असलेला घ्यावा. शाकाहारी प्रक्रियायुक्त पदार्थांसाठी जपानने २०२२ मध्ये स्वतंत्र कृषी मानक जाहीर केले. तरी लेबल वाचणे सुटत नाही.

भात : एक गो (१८० मिलि., सुमारे १५० ग्रॅम) तांदळाला धुऊन-निथळून २०० मिलि. पाणी घ्यावे. उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात तासभर भिजवावा. उकळी आल्यावर मंद आचेवर १०–१२ मिनिटे आणि आच बंद करून झाकण न उघडता १० मिनिटे. यातून सुमारे ३३० ग्रॅम भात होतो. गार भात मऊ राहणे हे अमायलोज या स्टार्चच्या घटकाच्या प्रमाणावर अवलंबून असते. जपानी तांदळात ते साधारण १५–२० टक्के, तर बासमतीसारख्या लांब दाण्यात त्याहून अधिक असते. गार होताना अमायलोजची साखळी पुन्हा घट्ट जुळते आणि दाणा कडक होतो. फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया सर्वांत वेगाने होते, म्हणून रात्री भात भरून फ्रिजमध्ये ठेवलेला डबा दुपारी वाळूसारखा लागतो. भात साठवायचाच तर गरम असतानाच गुंडाळून गोठवावा आणि सकाळी वाफ येईपर्यंत तापवून मगच भरावा. महाराष्ट्रात इंद्रायणी हा तांदूळ या कामाला चांगला. नवा असेल तर पाणी आणखी कमी लागते.

भातावर एक उमेबोशी ठेवल्याने सारा डबा टिकतो, ही समजूत चुकीची आहे. मीठ व आम्ल यांचा परिणाम फळाच्या आसपासच होतो. बी काढून, गर तोडून भातभर मिसळावा, किंवा शिजवताना प्रत्येक गोला एक लहान चमचा व्हिनेगर घालावे. पारंपरिक उमेबोशीत १८–२० टक्के मीठ असते. कमी मिठाच्या प्रकाराकडून टिकवणुकीची अपेक्षा धरू नये.

प्रथिनाचे पदार्थ : कोया-दोफू हा गोठवून वाळवलेला तोफू या डब्याचा खरा आधार आहे. वाळलेल्या स्थितीत त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग प्रथिन असतो. वाकायामातील कोया पर्वतावरच्या मठांत हिवाळ्याच्या रात्री बाहेर राहिलेला तोफू गोठून तो सापडला, अशी कथा आहे; शिनशू (आजचा नागानो प्रांत) आणि ईशान्य जपानमध्ये त्याला सैनिकी शिध्याचे मूळ देतात. थंड डोंगराळ भागांत तो स्वतंत्रपणे निर्माण झाला असावा. आज बहुतेक उत्पादन नागानोत होते.

एक वडी (सुमारे १६ ग्रॅम) कोमट पाण्यात भिजवून, तळव्यांत दाबून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत पिळावी. मग २०० मिलि. दाशी, प्रत्येकी एक मोठा चमचा साखर व मिरिन (तांदळाचे गोड मद्य), एक लहान चमचा फिका सोया सॉस आणि चिमूटभर मीठ यांत १५ मिनिटे शिजवावी. मसाला आधीच घालावा. हल्लीच्या वड्यांत मऊपणासाठी क्षार घातलेला असतो, त्यामुळे सपक गरम पाण्यात त्या विरघळल्यागत फुटतात. रसातच गार करून, भरण्याआधी हलके पिळावे. न पिळलेली वडी शेजारचा भात भिजवते.

ताज्या तोफूचा सोपा पदार्थ म्हणजे तेरियाकी. १५० ग्रॅम घट्ट तोफू वजनाखाली अर्धा तास ठेवून पाणी काढावे, काप पुसून बटाट्याचा स्टार्च लावावा आणि लगेच परतावा. स्टार्च लावून ठेवला तर ओला होऊन तव्याला चिकटतो. शेवटी सोया सॉस व मिरिन प्रत्येकी एक मोठा चमचा आणि साखर एक लहान चमचा घालून रस कापांना लपेटेपर्यंत आटवावा. आटवण्यात कसूर नको, डब्यात पातळ रस हाच शत्रू.

भाज्या : पालक १०० ग्रॅम मिनिटभर उकळून, थंड पाण्यात टाकून पिळावा. मग एक लहान चमचा सोया सॉस शिंपडून पुन्हा पिळावा. ही ‘शोयु-आराई’ वगळली तर नंतर घातलेले मीठ दुपारपर्यंत पानांतील पाणी ओढून काढते. वरून एक मोठा चमचा कुटलेले तीळ घालावेत. ते चवीसोबत उरलेले पाणीही शोषतात. तेच काम वाळलेला वाकामे (एक शैवाल) किंवा कान्तेनची (आगरची) पूडही करते. ब्रोकोलीचे तुरे उकळल्यावर डोके खाली करून निथळावेत. चेरी टोमॅटोचा देठ काढावा, कारण घाण तिथेच साठते, पण तो चिरू नये.

किनपिरासाठी गोबो (बर्डॉक मूळ) १०० ग्रॅम व गाजर ४० ग्रॅम काडीसारखे चिरून तिळाच्या तेलात परततात. गोबो काळा पडू नये म्हणून पाण्यात ठेवतात, पण पाच मिनिटांहून अधिक ठेवल्यास सुवासही निघून जातो. गोबो न मिळाल्यास कमळकाकडी उत्तम चालते. जपानी काबोचा भोपळा कोरडा व पिठूळ असतो. त्याच्या जागी आपल्याकडचा तांबडा भोपळा पाणचट असल्याने तो शिजवण्याऐवजी भाजून घालावा.

हिजिकी हे काळे शैवाल पारंपरिक बेंतोत वरचेवर येते. त्यात अकार्बनी आर्सेनिक असल्यामुळे ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २००४ मध्ये ते खाऊ नये असा सल्ला दिला. भिजवलेले व उकळलेले पाणी फेकून दिल्याने प्रमाण बरेच घटते, असे जपानी कृषी मंत्रालय सांगते. रोज मात्र घालू नये.

डबा व भरणे : उत्तर जपानच्या अकिता प्रांतातील ओदाते येथील मागेवाप्पा हा सुगी (जपानी सूचिपर्णी वृक्ष) लाकडाची पातळ फळी वाकवून, चेरीच्या सालीने शिवलेला डबा भाताची जादा वाफ शोषून घेतो. भरण्यापूर्वी तो ओला करून पुसावा, नाहीतर भात चिकटतो. साध्या ॲल्युमिनियमच्या झाकणांना उमेबोशीच्या आम्लाने भोके पडत असत.

भात, मुख्य पदार्थ व भाज्या यांचे आकारमान ३:१:२ असे ठेवण्याचा प्रघात आहे. या प्रमाणात गच्च भरलेल्या ६०० मिलि.च्या डब्यातून साधारण ६०० किलोकॅलरी मिळतात. भात गरम असतानाच तिरका उतार देऊन भरावा, कारण गार भात आकार घेत नाही. मग तोफूसारखे मोठे तुकडे, नंतर कपांतील भाज्या, आणि शेवटी उरलेल्या फटींत सोललेले एदामामे (हिरवे सोयाबीन) किंवा लोणचे. फट राहिली की सगळे एका बाजूला सरकते. झाकण पूर्ण गार झाल्यावरच लावावे. वाफ झाकणाखाली पाणी होऊन ठिबकते आणि भातात टिकून राहिलेल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूच्या बीजाणूंना ओल व ऊब मिळते. पंख्याखाली वीस-तीस मिनिटे पुरतात. कोन्न्याकु (कंदापासून केलेला जेलीसारखा पदार्थ), बटाटा व ताजा तोफू घातलेले पदार्थ गोठवून ठेवू नयेत. पाणी सुटून ते रबरासारखे किंवा भुसभुशीत होतात.

आहारमूल्य : प्रथिन, लोह व कॅल्शियम यांची बाजू कोया-दोफू आणि तीळ सांभाळतात. ब-१२ जीवनसत्त्वाबाबत मतभेद आहेत. नोरीत (कागदासारख्या वाळवलेल्या शैवालात) ते असते. पण त्यातील किती भाग शरीराला उपयोगी पडतो याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. रोजचा आहारच पूर्णतः वनस्पतिजन्य असेल, तर नोरीवर विसंबण्यापेक्षा हे जीवनसत्त्व गोळीतून वा पुष्टीकृत पदार्थातून घेणे सुरक्षित.