सिकिलिया व सिकुलस : सिसिली बेटाची लॅटिन नावे

भूमध्य समुद्रातील सर्वांत मोठे बेट सिसिली (सुमारे २५,७०० चौ. किमी.) आणि तेथील लोक यांना लॅटिनमध्ये जी नावे आहेत, त्यांची ही नोंद. मराठीतील ‘सिसिली’ हा उच्चार इंग्रजीच्या वाटेने आला. अभिजात लॅटिनमध्ये ‘क’चा ‘स’ झालेला नव्हता, त्यामुळे रोमन वक्ता सिसेरो बेटाचे नाव ‘सिकिलिया’ असेच उच्चारत असणार. ते मूळ ग्रीक ‘सिकेलिया’वरून घेतलेले आहे.

बेटावरच्या माणसांसाठी ग्रीकांकडे दोन वेगळे शब्द होते. आधीपासूनच्या रहिवाशांना ते ‘सिकेलोई’ म्हणत. इ. स. पू. आठव्या शतकापासून नॅक्सॉस, सिराक्यूज अशा वसाहती करून राहिलेले आपले भाईबंद मात्र ‘सिकेलिओताई’. लॅटिनने हा भेद ठेवला नाही. ‘सिकुलस’ (स्त्रीलिंगी ‘सिकुला’, अनेकवचनी ‘सिकुली’) या शब्दात दोघेही सामावले. रोम व कार्थेज यांच्यातील पहिल्या प्यूनिक युद्धानंतर, इ. स. पू. २४१ मध्ये, बेटाचा बराचसा भाग रोमच्या हाती आला आणि तो रोमचा इटलीबाहेरचा पहिला प्रांत ठरला. कर गोळा करणाऱ्याच्या लेखी कोण आधीचा आणि कोण नंतरचा, याला फारशी किंमत नसते. इतिहासाच्या संदर्भात मात्र ‘सिकुली’ म्हणजे इटलीतून सामुद्रधुनी ओलांडून आलेली जुनी जमात, हा अर्थही टिकून राहिला. त्यांच्याही आधीचे ते ‘सिकानी’. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझच्या मते तेही मूळचे नव्हेत, आयबेरियातून आलेले. सिकानींचे स्वतःचे म्हणणे मात्र आपण याच मातीतले, असे होते.

‘सिकिलिएन्सिस’ हे दुसरे विशेषण प्रांताच्या नावापासून बनले असून त्याला कचेरीचा वास आहे. सिसेरो इ. स. पू. ७५ मध्ये या प्रांतात लिलिबेअम येथे क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचा अधिकारी, होता. आपल्या त्या कारकिर्दीला तो ‘सिकिलिएन्सिस’ हे विशेषण लावतो. पाच वर्षांनी व्हेरीस या लुटारू सुभेदाराविरुद्ध त्याने खटला चालवला, तेव्हा ज्या गाऱ्हाणे घेऊन आलेल्या लोकांची बाजू तो मांडतो, ते ‘सिकुली’. त्याच भाषणांत त्याने जुन्या रोमन मुत्सद्दी केटोचे एक मत दिले आहे : सिकिलिया म्हणजे रोमचे धान्याचे कोठार आणि रोमन जनतेची दाई. माणसांना ‘सिकुलस’ आणि कारभाराला ‘सिकिलिएन्सिस’ ही वाटणी सर्वसाधारण म्हणावी. ती काटेकोर नव्हती.

कवींची अडचण वेगळीच होती. ‘सिकिलिया’ची पहिली तिन्ही अक्षरे लघु, म्हणजे आपल्या हिशेबाने न-गण. रोमन महाकाव्याचे षट्पदी वृत्त चालते भ-गणावर (गुरू, लघू, लघू) किंवा त्याऐवजी येणाऱ्या दोन गुरूंवर. सलग तीन लघूंना त्यात जागाच नाही. बेटाचे रोजचे नाव महाकाव्यात बसत नाही म्हटल्यावर कवींनी पर्याय शोधले : सिकानींवरून ‘सिकानिया’ (येथे पहिले अक्षर सोयीने दीर्घ करून) आणि ग्रीकांकडून आलेले ‘त्रिनाक्रिया’, म्हणजे तीन टोकांची भूमी. ही टोके म्हणजे ईशान्येचे पेलोरस, आग्नेयेचे पाकिनस आणि पश्चिमेचे लिलिबेअम. ल्युक्रीशस व होरेस हे रोमन कवी ‘त्रिक्वेत्रा’ (तिकोनी) हा अस्सल लॅटिन शब्दही वापरतात. व्हर्जिलने आपल्या चौथ्या गोपगीताच्या आरंभी काव्यदेवतांना ‘सिकेलिदेस’ असे ग्रीक वळणाचे विशेषण दिले, कारण गोपगीताचा जनक, ग्रीक कवी थिऑक्रिटस, सिराक्यूजचा. दहाव्या गीतात तोच व्हर्जिल गुराख्याला साधेपणाने ‘सिकुलस’ म्हणतो.

काव्यातील ‘त्रिनाक्रिया’ या नावाला पुढे राजकारणात अनपेक्षित भाव आला. १२८२ च्या उठावात बेटाने आंझू या फ्रेंच घराण्याची सत्ता झुगारली, पण नेपल्समध्ये बसलेल्या त्या घराण्याने ‘सिकिलियाचा राजा’ हा किताब सोडला नाही. १३०२ च्या काल्ताबेलोत्ता तहात तोड निघाली ती अशी : बेटावर राज्य करणाऱ्या फ्रेडरिकने स्वतःला ‘त्रिनाक्रियाचा राजा’ म्हणवावे. अशा रीतीने सिकिलिया दोन झाल्या, एक सामुद्रधुनीच्या अलीकडची व एक पलीकडची. १८१६ मध्ये त्यांचे औपचारिक एकत्रीकरण झाले, तेव्हाही राज्याचे नाव ‘दोन सिसिलींचे राज्य’ हेच ठेवले गेले.

मध्ययुगीन लॅटिन कागद वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते. हंगेरीच्या दप्तरात ‘सिकुली’ दिसले, की ते बहुधा ट्रान्सिल्व्हेनियातील सेकेय लोक असतात. त्यांच्या सरदाराचा किताब ‘कोमेस सिकुलोरुम’ असा होता. या लोकांचा भूमध्य समुद्राशी काही संबंध नाही.

आजच्या इटालियनमध्ये ‘सिचिलिआनो’ हा बोलण्यातला शब्द आणि ‘सिकुलो’ हा वर्तमानपत्री किंवा विद्वत्तेचा. शास्त्रीय नावांत लॅटिन रूप लिंगासह जसेच्या तसे चालते : बेटावर १९९१ मध्ये आढळलेले दुर्मीळ झाड ‘झेल्कोवा सिकुला’, तर इटलीभर भिंतींवर दिसणारा सरडा ‘पोडार्किस सिकुलस’.