जुन्या पेट्रोल मोटारीचे विद्युत रूपांतर

पेट्रोल इंजिन, इंधनटाकी, रेडिएटर व सायलेन्सर काढून त्यांच्या जागी विद्युत मोटर, तिला किती वीज द्यायची हे ठरवणारा कंट्रोलर आणि बॅटरी बसवणे म्हणजे मोटारीचे विद्युत रूपांतर. सांगाडा, चाके, स्टिअरिंग, ब्रेक आणि बहुतेक वेळा गिअरबॉक्सही मूळचाच राहतो. घरच्या घरी हाताळण्यासारखी गाडी हलकी आणि साधी असावी लागते. भारतात हा विषय निघाला की म्हणूनच प्रथम मारुती ८०० आठवते. तिचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास.

गोव्याचा भूगोल या कामाला अनुकूल आहे. राज्याची दक्षिणोत्तर लांबी सुमारे १०५ किलोमीटर. पणजीहून म्हापसा १३ किलोमीटरवर, तर मडगाव साधारण ३३ किलोमीटरवर. एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर जाणारी गाडी इथल्या बहुतेक कुटुंबांच्या रोजच्या फेऱ्यांना पुरून उरते.

अडचण येते ती पत्र्याची. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि किनारपट्टीवर बारमाही खारे वारे. त्यामुळे गोव्यातली जुनी गाडी पुष्कळदा इंजिन धडधाकट असतानाच खालून सडते. वरून रंग चकचकीत दिसतो. गालिचा उचलून स्क्रूड्रायव्हर टोचला की तो आरपार जातो. दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, मागच्या सस्पेन्शनचे आधार आणि बॅटरीखालचा ट्रे ही गंजाची नेहमीची ठिकाणे. फरशीच्या पत्र्याला टिंकर नवा तुकडा जोडून देईल, पण भार पेलणारे मुख्य भाग खाल्ले गेले असतील तर त्या गाडीचे रूपांतर करू नये, तिच्यात घरच्यांचा कितीही जीव गुंतलेला असो. बॅटरीचे शंभर-दीडशे किलो याच सांगाड्यावर बसायचे असतात. मोटर विकत घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासावी. सगळ्या कामात याहून महत्त्वाचा निर्णय दुसरा नाही.

यांत्रिक कामाचा गाभा म्हणजे अॅडॅप्टर प्लेट. मोटर आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी ही जाड प्लेट लेथवर अचूक करून घ्यावी लागते. दोन्ही शाफ्टच्या मध्यरेषा किंचित जरी चुकल्या तरी कंप सुटतो आणि बेअरिंगे जातात. मांडवी-जुवारीच्या काठावरच्या बार्जदुरुस्तीमुळे आणि औद्योगिक वसाहतींमुळे गोव्यात चांगले टर्नर आहेत, ही इथली जमेची बाजू. क्लच काढून टाकता येतो. गिअर मात्र राखावेत: सपाटीला एकाच गिअरवर भागते, पण पणजीचा आल्तिनो चढताना किंवा चोर्ला घाटात लहान मोटरला खालचा गिअर लागतोच.

बॅटरीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हा सर्वांत समंजस पर्याय. इतर लिथियम प्रकारांच्या तुलनेत तो सहजी पेट घेत नाही. प्रत्येक सेलचा दाब ३.२ व्होल्ट, २४ सेल एकसरीत जोडले की ७६.८ व्होल्ट होतात. सेल २०० अँपिअर-तासांचे असतील तर साठा सुमारे १५ युनिट. हलकी गाडी किलोमीटरला ०.१ ते ०.१२ युनिट घेते. साठ्यातले ८० टक्के वापरले तरी शंभर किलोमीटर पदरात पडतात. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तीन किलोवॉटच्या चार्जरने ती रात्रीत भरते. जुन्या घरात त्याआधी अर्थिंग तपासून घ्यावे.

इंजिन गेले की त्यावर चालणाऱ्या गोष्टीही जातात. ब्रेकला बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारे साधन, असेल तर त्याला इंजिनकडून मिळणारा निर्वात बंद होतो आणि पेडल दगडासारखे होते. त्यासाठी विजेवरचा निर्वात पंप बसवावा लागतो. दिवे, वायपर, हॉर्न यांच्या १२ व्होल्टसाठी मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा. वजनही पुढून मागे सरकते, म्हणून बॅटरी दोन ठिकाणी विभागून ठेवणे चांगले.

विजेच्या बाबतीत हयगय चालत नाही. साठ व्होल्टच्या वरचा डीसी दाब धोकादायक धरतात, आणि डीसीची ठिणगी घरच्या एसीसारखी आपोआप विझत नाही. बॅटरीलगत योग्य फ्यूज, कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच), हाताने तोडता येणारा स्विच आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा हवीच. बॅटरीची पेटी पाणी आत शिरणार नाही अशी बंद असावी; पावसाळ्यात पणजीच्या सखल रस्त्यांवर पाणी साचते.

कायद्याने मात्र घरचे काम मर्यादित केले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत केलेला असा बदल नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो. विद्युत किटला, म्हणजे रूपांतराच्या भागांच्या तयार संचाला, एआयएस-१२३ या मानकानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि ते अधिकृत केंद्रानेच बसवायचे असते. सुटे भाग जमवून घरी उभी केलेली गाडी कितीही उत्तम चालली तरी रस्त्यावर बेकायदा ठरते, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडते. गंज काढणे, पत्राकाम, ब्रेक व सस्पेन्शन नवे करणे, इंजिन उतरवणे एवढे घरी करावे. किट त्या मॉडेलसाठी मान्य आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे.

नियमानुसार १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेल्या गाड्यांनाच हे रूपांतर खुले आहे. पोर्तुगीज अमदानीत आयात झालेल्या आणि काही घरांनी अजून जपलेल्या मोटारी त्यात बसत नाहीत, आणि हे योग्यच आहे. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. इंजिन बदलले की ती हक्काची नोंदणी हातची जाते.