अ‍ॅलिबी
गुन्हा घडला त्या वेळी आरोपी घटनास्थळी नसून दुसरीकडे होता, असा बचाव. मराठीत यासाठी ‘अन्यत्र उपस्थितीचा बचाव’ असे म्हणता येते. रोजच्या इंग्रजीत मात्र हा शब्द ‘सबब’ या अर्थीही रुळला आहे.

मूळ लॅटिन शब्द नाम नव्हे, क्रियाविशेषण आहे, अर्थ ‘अन्यत्र’. ‘अलिउस’ (दुसरा) आणि ‘इबि’ (तेथे) यांचा तो जोडशब्द, अशी फोड अनेक कोशांत आढळते. ‘इबि’, ‘उबि’ (कोठे) यांतील ‘-बि’ हा स्थलवाचक प्रत्ययच ‘अलि-’ला लागला, हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. इंग्रजी न्यायालयांतही आरोपी आधी स्वतःला ‘अ‍ॅलिबी’ (म्हणजे ‘अन्यत्र’) शाबीत करी. नाम म्हणून वापर साधारणपणे अठराव्या शतकात स्थिरावला. मराठीत कोणी ‘त्याने आपले अन्यत्र सिद्ध केले’ म्हणावे, तसाच हा प्रकार.

भारतीय पुरावा अधिनियम, 1872 मध्ये हा शब्द नव्हता. तत्त्व कलम 11 मध्ये होते. त्याचे पहिले उदाहरण : गुन्हा कलकत्त्यात घडला, त्या दिवशी ‘अ’ लाहोरला होता, ही गोष्ट संबद्ध ठरते. फाळणीनंतरही लाहोर तसेच राहिले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हे कलम 9 झाले आणि ठिकाणे चेन्नई व लडाख झाली. बिनयकुमार सिंह खटल्यात (1996) सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव दंडसंहितेतील अपवाद नसून पुराव्याचा नियम असल्याचे स्पष्ट केले. गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकार पक्षावरच असतो. मात्र आरोपी त्या वेळी घटनास्थळी असणे अशक्य होते, एवढे त्याच्या पुराव्यातून निर्विवाद दिसावे लागते. बाजारात गेलो होतो, एवढ्याने भागत नाही. बाजार दहा मिनिटांवर असेल तर मुळीच नाही.

‘सबब’ हा अर्थ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी बोलीत, बहुधा खेळाच्या मैदानाभोवती, पसरला. हरलेला खेळाडू उन्हाला दोष देतो तेव्हा तो मैदानातच असतो, म्हणून शैलीकारांनी या वापरावर टीका केली. आक्षेप व्युत्पत्तीला धरून असला तरी वापर थांबला नाही. जर्मनमध्ये तर ‘अलिबीफ्राउ’ म्हणजे केवळ दाखवण्यापुरती नेमलेली स्त्री.

बोली इंग्रजीत आपल्या बाजूने साक्ष देणाऱ्या माणसालाही अ‍ॅलिबी म्हणतात : ‘रात्रभर मी बहिणीकडे होतो, तीच माझी अ‍ॅलिबी.’