ब्लॉक टाइम

ब्लॉक टाइम : उड्डाणाच्या हेतूने विमान उभ्या जागेवरून पहिल्यांदा हलते, तेव्हापासून प्रवास संपवून ते ठरल्या जागी थांबेपर्यंतचा काळ. वेळापत्रकातील सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा, वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा, अनेक ठिकाणी त्यांचे वेतन आणि विलंबाचा हिशोब या काळाशी बांधलेला असतो. तिकिटावरची दहाची वेळ ही विमान झेपावण्याची वेळ नव्हे, जागा सोडण्याची वेळ होय. चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून पुन्हा टेकेपर्यंतचा काळ याहून वेगळा व अर्थातच कमी. त्याला उड्डाणकाळ म्हणणे सोयीचे झाले असते. पण बऱ्याच नियमावल्यांनी ‘फ्लाइट टाइम’ हे नाव ब्लॉक टाइमलाच देऊन टाकले आहे. म्हणून या नोंदीत त्याला ‘हवाई काळ’ म्हटले आहे.

व्युत्पत्ती : ब्लॉक म्हणजे ठोकळा. उभे विमान घरंगळू नये म्हणून चाकाच्या पुढे-मागे जी पाचर सारतात तिला इंग्रजीत ‘चॉक’ असेही नाव आहे. मराठीत गाडीच्या चाकाला लावतात ती उटी हीच. पहिल्या महायुद्धातील बहुतेक विमानांना चाकांचे ब्रेक नव्हते. त्यांतील अनेकांना रोटरी इंजिने होती व त्यांची गती फार मर्यादित प्रमाणात कमीजास्त करता येई. इंजिन चालू झाले की विमान पुढे ओढ घेई. चाकांपुढे लाकडी ठोकळे घालून, त्यांना बांधलेल्या दोरांची टोके धरून माणसे बाजूला उभी राहत आणि वैमानिकाने खूण करताच दोर खेचून ठोकळे काढून घेत. प्रवास ठोकळे निघाल्यावर सुरू होई आणि ठोकळे लागल्यावर संपे, हे त्या काळी शब्दशः खरे होते. ‘ऑफ ब्लॉक्स’ व ‘ऑन ब्लॉक्स’ हे आजचे प्रयोग या कृतीतून आले, असा सर्वसाधारण समज आहे.

याला पर्याय म्हणून दोन अटकळी करता येतात. एक, रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीची : मार्गाचे तुकडे पाडून एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडण्याची रीत विमान वाहतुकीपेक्षा जुनी आहे आणि वेळापत्रकाच्या बाबतीत विमान कंपन्यांनी रेल्वेकडून पुष्कळ उचलले. दुसरी, ब्लॉक म्हणजे ‘वेळेचा सलग तुकडा’ या अर्थाची. दोन्ही ऐकायला पटतात, पण ‘ऑफ’ व ‘ऑन’ या शब्दांचा उलगडा त्यांतून होत नाही. गाडी ब्लॉकच्या आत शिरते, त्याच्यावर चढत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयकाओ) आपल्या परिशिष्टांत ‘ब्लॉक टू ब्लॉक’ आणि ‘चॉक टू चॉक’ हे प्रयोग समानार्थी म्हणून शेजारी-शेजारी दिले आहेत. फ्रेंचमध्येही ‘काल आ काल’ असे म्हणतात आणि तिथे ‘काल’ म्हणजे पाचरच. मराठी ‘काल’शी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे. तेव्हा उटीचा पक्ष बळकट दिसतो. ‘चॉक-अ-ब्लॉक’ हा इंग्रजी वाक्प्रचार मात्र या चर्चेत ओढू नये. तो जहाजावरचा आहे आणि त्यातला ब्लॉक म्हणजे दोराची कप्पी.

हा प्रयोग दोन महायुद्धांच्या दरम्यान, टपाल व प्रवासी विमाने वेळापत्रकाने धावू लागल्यावर स्थिरावला असावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाने १९३४ मधील ८३ क्रमांकाच्या निर्णयात वैमानिकांसाठी महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. तास मोजायचे म्हटल्यावर ते कोठून कोठपर्यंत, हे ठरवणे ओघाने आलेच.

व्याख्येतील भेद : आयकाओची व्याख्या सैल आहे : उड्डाणाच्या हेतूने विमान पहिल्यांदा हलल्यापासून उड्डाणाअखेर ते कायमचे थांबेपर्यंत. ते कोणाच्या जोराने हलले, याची ती विचारपूस करत नाही. अमेरिकेच्या संघराज्य नियमावलीत मात्र ‘स्वतःच्या शक्तीने’ हे शब्द आहेत. जेट विमान नाक इमारतीकडे करून उभे असते व टग नावाचे ट्रॅक्टर त्याला मागे ढकलते. या ढकलण्याला पुशबॅक म्हणतात. अमेरिकी व्याख्या शब्दशः वाचली, तर पुशबॅकची मिनिटे वैमानिकाच्या उड्डाणकाळात धरता येत नाहीत. युरोपीय संघाच्या कामाच्या तासांविषयीच्या नियमांत आरंभ उभ्या जागेवरून पहिल्यांदा हलण्याचा आहे, पण शेवट नुसत्या थांबण्याने होत नाही. विमान नेमून दिलेल्या जागी थांबून सर्व इंजिने बंद व्हावी लागतात.

हा भेद शाब्दिक वाटेल, म्हणून एक काल्पनिक सकाळ घेऊ. दार १०:०० ला बंद झाले. ब्रेक १०:०२ ला सुटला. टगने १०:०३ ला ढकलायला सुरुवात केली. इंजिने चालू करून, टग सोडवून विमान १०:०९ ला स्वतः पुढे निघाले आणि चाकांनी १०:२१ ला जमीन सोडली. युरोपीय नियमाने आरंभ १०:०३, अमेरिकी व्याख्येने १०:०९ आणि विमानातील यंत्राच्या नोंदीत, पुढे दिलेल्या कारणाने, १०:०२. तिन्ही वेळा खऱ्या आहेत. हवाई काळ मोजणाऱ्याच्या दृष्टीने अजून काहीच सुरू झालेले नाही.

हेलिकॉप्टरला चाके असतीलच असे नाही, म्हणून आयकाओने त्याचा काळ पाती फिरू लागल्यापासून पाती थांबेपर्यंत धरला आहे. अमेरिकी नियमात स्वतः न उडू शकणाऱ्या ग्लायडरसाठी ओढण्याची सुरुवात हाच आरंभ. त्याच्या बाबतीत ‘स्वतःची शक्ती’ मागणे व्यर्थच होते.

नोंद : चार क्षण टिपले जातात : आउट, ऑफ, ऑन व इन. जागा सोडणे, जमीन सोडणे, जमिनीला टेकणे, जागेवर लागणे. पहिल्या व चौथ्यातील अंतर ब्लॉक टाइम, दुसऱ्या व तिसऱ्यातील अंतर हवाई काळ. पूर्वी वैमानिक घड्याळ पाहून या वेळा कागदावर लिहीत व रेडिओवरून कंपनीला तोंडी कळवत. वेतन त्याच आकड्यांवर ठरत असल्याने नोंद माणसाच्या हातून काढून यंत्राकडे द्यावी, ही कल्पना पुढे आली. एरिंक या कंपनीने जुलै १९७८ मध्ये एकार्स ही संदेशप्रणाली आणली ती मुळात असे स्वयंचलित हजेरीघड्याळ म्हणून. पायडमाँट एअरलाइन्स ही तिची पहिली ग्राहक. नावातील पहिले अक्षर आरंभी ‘एरिंक’चे होते, पुढे ते ‘एअरक्राफ्ट’चे झाले. जुन्या व नव्या संदर्भांत नावाचा विस्तार वेगळा दिसतो, तो यामुळे. हवामान, इंजिनाची प्रकृती, मार्गबदल असले संदेश पाठवण्याचे आजचे तिचे रूप नंतरचे आहे.

यंत्राला ठोकळा दिसत नाही. दारे बंद आहेत आणि पार्किंग ब्रेक सुटला आहे, या दोन खुणांवरून ते ‘आउट’ लिहिते. ‘ऑफ’ व ‘ऑन’ चाकांच्या खांबावरील भार कमी-जास्त झाल्यावरून कळतात. ‘इन’साठी ब्रेक लागणे किंवा दार उघडणे पाहिले जाते. विमान तसूभर न हलताही ब्रेक सुटला की ‘आउट’ची वेळ पडते. वरच्या उदाहरणातील १०:०२ हीच.

जमिनीवरील क्रम : ठोकळे आता बहुधा रबराचे असतात. विमान जागेवर येऊन ब्रेक लागला तरी माणसे लगेच जवळ जात नाहीत. पोटाखालचा व पाठीवरचा तांबडा दिवा लुकलुकत असेतो इंजिन फिरते आहे असे धरायचे, हा नियम. दिवा विझल्यावर प्रथम नाकाच्या चाकाला ठोकळे लागतात. मग विमानाला खुणांनी जागा दाखवणारा इशारेकरी हातातील दोन्ही दांडे डोक्यावर उंच धरून आतल्या बाजूला टोचल्यासारखे करत एकमेकांना टेकवतो : ठोकळे लागले. दांडे बाहेरच्या बाजूला टोचले, तर ठोकळे काढले. वैमानिकाने मूठ मिटली तर ब्रेक लावला, बोटे उघडली तर सोडला. हेडसेटवर बोलणे होत असले, तरी या खुणा कायम आहेत.

ठोकळे लागल्यावर बरेचदा वैमानिक ब्रेक सोडून देतो. ‘इन’ची वेळ आधीच पडलेली असते, ब्रेक सोडण्याचे कारण उष्णता. उतरताना तापलेल्या ब्रेकच्या चकत्या दाबून धरल्या तर निवायला वेळ लागतो, आणि एअरबस ए३२० सारख्या विमानात ब्रेक ३०० अंश सेल्सिअसच्या वर असेतो उड्डाण घेता येत नाही. त्या अर्ध्या-पाऊण तासात चाळीसहून अधिक टन वजनाचे विमान खरोखरच रबराच्या दोन ठोकळ्यांवर विसंबून असते. ठोकळा टायरला घट्ट भिडवण्यातही एक अडचण आहे. इंधन व सामान चढते तसा टायर दबून फुगतो आणि ठोकळ्याला असा चिमटतो, की निघताना तो हाताने निघत नाही. म्हणून जाणकार माणूस किंचित फट ठेवतो.

निघताना क्रम उलटा. नाकाच्या चाकाचे सुकाणू टगच्या ओढीला आड येऊ नये म्हणून त्याच्या खांबात एक खीळ घालतात. तिला लाल फीत लटकत असते. टग व विमान यांना जोडणाऱ्या ओढदांड्यात मुद्दाम कमजोर ठेवलेली दुसरी खीळ असते : जोर प्रमाणाबाहेर गेला, तर ती तुटावी, विमानाचा पाय नव्हे. पुशबॅक संपल्यावर जमिनीवरचा माणूस बाजूला जाऊन फितीसकट पहिली खीळ हात उंचावून वैमानिकाला दाखवतो. ती दिसल्याखेरीज विमान पुढे निघत नाही. टगविना, इंजिनांचा उलटा झोत वापरून मागे सरण्याची रीत मागे इंजिने असलेल्या विमानांत काही काळ चालली; इंधनाचा खर्च व झोताने उडणारा कचरा यांमुळे ती मागे पडली.

वेळापत्रक : उड्डाण-आराखड्यात हवाई नियंत्रकांना जी वेळ कळवतात, ती ठोकळे काढण्याची अपेक्षित वेळच होय. नियंत्रित उड्डाणाला तिच्यापेक्षा ३० मिनिटांहून अधिक उशीर होणार असेल तर आराखडा सुधारावा किंवा नवा द्यावा, असा आयकाओचा दंडक आहे. युरोपच्या केंद्रीय यंत्रणेत ही मुभा १५ मिनिटांची. आकाशात गर्दी झाली की युरोपात जी वेळ नेमून मिळते ती मात्र धावपट्टी सोडण्याची असते, तीही ५ मिनिटे अलीकडे ते १० मिनिटे पलीकडे. त्यामुळे इंजिने चालू करून रांगेत इंधन जाळत उभे राहण्यापेक्षा ठोकळे उशिरा काढणे शहाणपणाचे ठरते. विमानतळ, कंपनी व नियंत्रक यांनी ही वेळ मिळून ठरवण्याची पद्धत म्युनिक विमानतळाने २००७ मध्ये युरोपात सर्वप्रथम पूर्णपणे लागू केली. दार बंद होऊनही विमान जागचे न हलण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

उशिराला दोन आकडी संकेत देण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय हवाई परिवहन संघटनेची. ७१ ते ७७ हवामानासाठी, ४१ विमानातील बिघाडासाठी, ३६ इंधन भरण्यासाठी. ९३ म्हणजे हेच विमान आधीच्या फेरीवरून उशिरा आले. संकेतांतला हा सर्वांत निरागस दिसणारा आकडा, कारण त्यात मूळ दोष कोणाचा हे लिहावे लागत नाही. मिनिटा-मिनिटाची वाटणी होत असल्याने कोणता संकेत लावायचा यावर खात्याखात्यांत वाद होतात.

वेळापत्रकातील ब्लॉक टाइम हा मोजलेला नसून अंदाजलेला असतो. मागील हंगामांतील त्याच मार्गावरच्या फेऱ्या पाहून कंपनी तो ठरवते. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील जेट प्रवाहामुळे न्यूयॉर्क–लंडन आणि लंडन–न्यूयॉर्क यांत सुमारे तासाचा फरक पडतो आणि हिवाळ्यात प्रवाह जोरावर असल्याने एकाच मार्गाचे उन्हाळी व हिवाळी आकडे निराळे असतात. अमेरिकेत १५ मिनिटांच्या आत पोहोचलेली फेरी वेळेवर धरतात व मोठ्या कंपन्यांना १९८७ पासून ही माहिती सरकारला द्यावी लागते. अंदाज थोडा सैल ठेवला की विमान ‘वेळेआधी’ पोहोचते. पण प्रत्येक फेरीत दहा मिनिटे वाढवली, तर दिवसाकाठी एका विमानाची एखादी फेरी बुडू शकते व कर्मचाऱ्यांचे तासही खर्ची पडतात.

मर्यादा व वेतन : युरोपात वैमानिकाला सलग २८ दिवसांत १०० तास, कॅलेंडर वर्षात ९०० व सलग १२ महिन्यांत १,००० तासांची मर्यादा आहे. अमेरिकी नियमात ६७२ तासांत १०० तास असे लिहितात. २४ ने भागले तर ते २८ दिवसच. केबिन कर्मचाऱ्यांचे वेतन अमेरिकेत बहुधा ब्लॉक टाइमवर असल्याने प्रवासी चढवण्याचा वेळ बिनपगारी जाई. डेल्टा एअर लाइन्सने २०२२ पासून त्या वेळासाठी निम्म्या दराने पैसे देणे सुरू केले.

देखभाल : विमानाच्या सांगाड्याचे वय ब्लॉक टाइमवर मोजत नाहीत, त्यासाठी हवाई तास आणि उड्डाण-अवतरणाची आवर्तने पाहतात. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या ज्या बोइंग ७३७ चे छत हवेत उडून गेले, त्याचे ३५,४९६ तास झाले होते, पण आवर्तने ८९,६८०. म्हणजे एका फेरीला सरासरी २४ मिनिटेही नाहीत. प्रत्येक फेरीत केबिन एकदा हवेच्या दाबाने फुगे व एकदा सैल होई, आणि पत्र्याच्या जोडांवरील भेगा त्या हिशोबाने वाढत गेल्या.